हड्डी हमारी, चमडी आपकी : मुलांना मारण्याच्या हक्काचा इतिहास

मुलाला मकतबात किंवा शाळेत घालताना वालिद उस्तादांना एक वाक्य ऐकवत : 'हड्डी हमारी, चमडी आपकी.' म्हणजे हाडं शाबूत ठेवा, बाकी चामडी सोललीत तरी आम्ही विचारायला येणार नाही. आजही पालकसभेत एखादा बाप हे वाक्य हसत हसत म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात.

विनोद म्हणून सोडून देण्यासारखं हे वाक्य नाही. तो एक करार आहे. मुलाच्या अंगावर बापाचा हक्क आहे हे त्यात आधी गृहीत धरलेलं आहे, आणि मग त्या हक्कातला काही भाग बाप उस्तादाला देऊन टाकतो. ज्याचं अंग आहे त्याला या करारात जागाच नाही.

आपल्या देशाच्या कायद्याने या कराराचा दुसरा भाग मोडला आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली. पहिला भाग मात्र तसाच आहे. शिक्षकाने मारलेल्या ज्या थपडीसाठी खात्याची चौकशी लागू शकते, तीच थप्पड त्याच मुलाला घरी बसली तर ती 'संस्कार' या सदरात जाते. मग कायद्याने आईवडिलांच्या हातालाही बंदी घालावी का?

हा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. दोन, आपला धर्म आणि आपली परंपरा मारायची परवानगी देते. दोन्ही उत्तरं इतिहासावर घासून पाहिली तर वेगळंच काही हाती लागतं.

कलम कुठून आलं?

भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली सादर केला. ती मंजूर झाली १८६० मध्ये आणि लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. तिच्या कलम ८९ चा आशय असा : बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्या कोणी काही केलं आणि त्यातून मुलाला इजा झाली, तरी तो गुन्हा नाही. जीव घेण्याचा हेतू, जबर दुखापत अशा गोष्टी या संरक्षणातून वगळल्या आहेत.

गंमत अशी की या कलमात मार, छडी, शिक्षा यांपैकी एकही शब्द नाही. कलमाखाली उदाहरण दिलं आहे ते एकच, आणि तेही मुतखड्याचं. मूल बरं व्हावं म्हणून बाप शल्यवैद्याकडून त्याच्यावर शस्त्रक्रिया करवून घेतो. तीत मुलाच्या जिवाला धोका आहे हे त्याला माहीत असतं, पण हेतू बरं करण्याचा असतो, म्हणून तो गुन्हेगार नाही. शल्यवैद्याच्या सुरीचं उदाहरण देऊन उभं केलेलं हे छप्पर. त्याच छपराखाली पुढे न्यायालयांनी छडीलाही उभं केलं. मूल बारा वर्षांच्या वरचं असेल तर शेजारचं कलम ८८ कामाला आलं.

त्याच १८६० साली इंग्लंडमध्ये एक खटला गाजला. ईस्टबोर्न गावात थॉमस हॉप्ली नावाच्या शिक्षकाने रेजिनाल्ड कॅन्सेलर या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला इतकं मारलं की मुलगा मेला. मारण्यापूर्वी हॉप्लीने मुलाच्या वडिलांना पत्र लिहून परवानगी मागितली होती आणि वडिलांनी ती दिली होती. आपलं 'चमडी आपकी' इंग्रजीतून, टपालाने गेलं होतं, एवढाच काय तो फरक. हॉप्लीला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. पण निकाल देताना मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी जे तत्त्व सांगितलं ते पुढे शंभर वर्षांहून जास्त टिकलं : आईबाप आणि त्यांच्या वतीने शिक्षक मुलाला 'माफक आणि वाजवी' शारीरिक शिक्षा करू शकतात, राग काढण्यासाठी किंवा प्रमाणाबाहेर मारलं तरच तो गुन्हा. एक मुलगा मेला, आणि त्या मरणातून मारण्याचा नियम तयार झाला.

हा विचार हिंदुस्थानातल्या न्यायालयांतही रुजला. पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला गैरवर्तनाबद्दल छडीचे पाच फटके देणाऱ्या शिक्षकाचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९४९ च्या कायदा अहवालात छापलेला तो निकाल शिक्षकाच्या बाजूने आहे, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो. चित्र बदलायला पुढची पन्नास वर्षं गेली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शाळांच्या नियमांतली शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. गोव्याने २००३ च्या बाल कायद्यात शाळेतली छडी बंद केली. मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. गुलामीच्या काळातले कायदे फेकून दिले असं आपल्याला सांगण्यात आलं. कलम ८९ आता कलम २७ झालं आहे. मजकूर जवळपास तोच आणि उदाहरणही तेच मुतखड्याचं. मुलाला मारण्याचा जो कायदेशीर आधार आपण 'आपली संस्कृती' म्हणून सांभाळतो, तो राणी व्हिक्टोरियाच्या काळातला आहे. 'पाश्चात्त्यांचं खूळ' म्हणायचंच असेल तर आधी या कलमाला म्हणावं लागेल.

मकतब आणि उर्दू शाळा

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. शाळेत मार बंद झाला असं आपण सरसकट म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था कायद्यातून वगळल्या गेल्या. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. तो निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी सरन्यायाधीशांकडे पाठवला आहे.

याचा अर्थ, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतल्या मुलीला कलम १७ चं संरक्षण आहे, आणि संध्याकाळी ती ज्या मकतबात सिपारा घेऊन बसते तिथे ते नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ दोन्हीकडे लागू आहे, आणि ते आईबापांनाही लागू आहे. मुलाचा ताबा असलेल्या कोणीही त्याला क्रूरतेने वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. पण त्या कलमाची मोजपट्टी आहे 'अनावश्यक' वेदना. म्हणजे काही वेदना आवश्यकही असते, हे कायद्याने गृहीत धरलं आहे. ती कुठली, हे ठरवायचं न्यायाधीशांनी. गोव्यात दोन लहान बहिणींना काठीने मारल्याच्या आरोपात बाल न्यायालयाने शिक्षा केलेल्या एका प्राथमिक शिक्षिकेला फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने निर्दोष सोडलं. पुराव्यांतल्या त्रुटी हे एक कारण होतंच; पण प्राथमिक शाळेत शिस्तीसाठी मुलांना थोडं दटावणं ही नेहमीची बाब आहे, असाही निकालाचा सूर होता. गोव्याचा स्वतंत्र कायदा असताना ही स्थिती, तर चार भिंतींच्या आतल्या घराचं काय सांगावं!

घराचं चित्र केंद्र सरकारच्याच अभ्यासात आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती. आणि ज्यांना कुटुंबात मार बसला, त्यांच्यातल्या ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते.

परंपरा नक्की काय सांगते?

मराठी माणसाला परंपरा विचारली की त्याला श्यामची आई आठवते. साने गुरुजींचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते पुस्तक लिहिलं. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, हा प्रसंग सगळ्यांच्या तोंडी आहे. 'आई मारायची म्हणून आम्ही घडलो' हे सांगताना त्याचाच दाखला देतात. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि छडी व विद्या यांचं यमक जुळवणारं गाणं घराघरांत पोहोचलं. पण पुस्तक ४२ रात्रींचं आहे. त्यातल्या बहुतेक रात्री आई शिकवते ती बोलून, समजावून, स्वतः करून दाखवून. पायाला घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला मनाबद्दलची गोष्ट ती शिंपटीशिवायच सांगते. आपण ४२ रात्रींतून शिंपटी तेवढी उचलली.

दुसरी गोष्ट लोकमान्य टिळकांची, जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. शेंगांच्या टरफलांची गोष्ट १ ऑगस्टला आपल्या प्रत्येक शाळेत कोणीतरी भाषणात सांगतंच. ती जशी घडली तशी सांगितली जाते की नाही हा प्रश्न वेगळा. पण तिच्यात आपण कोणाचं कौतुक करतो? चूक नसताना शिक्षा घ्यायला नकार देणाऱ्या मुलाचं. तोच मुलगा आपल्या घरात असेल, आणि 'मी केलं नाही' म्हणून उभा राहिला, तर आपण त्याला उलट उत्तर देतो म्हणून आणखी एक लगावतो.

आणि महाराष्ट्रात मार न देता शिकवण्याची परंपराही जुनी आहे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला, डहाणूच्या परिसरात, गोरगरीब आणि आदिवासी मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. भीती आणि बक्षीस दोन्ही काढून घेतलं तरी मूल शिकतं, हे त्यांनी मोठ्या शहरातल्या श्रीमंत शाळेत दाखवलं नाही. चिकूच्या बागांत आणि पाड्यांवर दाखवलं. बालशिक्षण हे परदेशातून आलेलं फॅशनेबल खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी ही जागा पाहावी.

उर्दूवाल्यांसाठी आणखी एक दाखला. डिप्टी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी १८७४ ची. नसूह हा बाप आजारातून उठतो आणि घर सुधारायचं ठरवतो. आई फहमीदा नमाजबद्दल वेडंवाकडं बोलणाऱ्या मोठ्या मुलीला, नईमाला, थप्पड मारते. त्या थपडीने काय होतं? नईमा सुधारत नाही, रुसते, घर पेटतं. ती सुधारते ती खालाच्या घरी जाऊन, तिथे तिला कोणी मारत नाही, उपदेशाचा भडिमार करत नाही, तरी त्या घराचं वळण तिला लागतं. मोठा मुलगा कलीम याच्यावर बाप सक्ती करतो, त्याची पुस्तकं जाळतो, आणि मुलगा घर सोडून जातो तो शेवटी मरणाच्या दारात परत येतो. दीडशे वर्षांपूर्वी धर्मनिष्ठ मौलवी लेखकाने स्वतःच्या कादंबरीत हे लिहून ठेवलं आहे.

दीनचा प्रश्न

आता सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप. सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी न केल्यास मारा, या आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पण ती वाचताना तिची रचना पाहायला हवी. सात ते दहा, म्हणजे तीन वर्षं फक्त सांगायचं. दिवसाच्या पाच नमाजांप्रमाणे हिशेब केला तर पाच हजारांहून जास्त वेळा सांगणं झालं. त्याआधी हात उचलायचा नाही. उलेमांनी पुढे घातलेल्या अटीही सर्वांना माहीत आहेत : तोंडावर नाही, वळ उठेल असं नाही, रागात नाही. आपल्या घरात बसणाऱ्या थपडा या कसोटीवर किती उतरतात? दूध सांडलं म्हणून, गुण कमी पडले म्हणून, शेजाऱ्यांसमोर मान खाली गेली म्हणून, किंवा दिवसभराचा थकवा म्हणून बसलेल्या थपडेचा त्या हदीसशी संबंध काय?

आणि खुद्द प्रेषितांचं (स.) आचरण? हजरत आयेशा (र.) यांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये आहे : रणांगण सोडलं तर त्यांनी आपल्या हाताने कधी कोणाला मारलं नाही, ना बाईला, ना नोकराला. हजरत अनस (र.) लहानपणापासून दहा वर्षं त्यांच्या सेवेत होते, त्या दहा वर्षांत एकदाही त्यांना 'उफ्' ऐकावं लागलं नाही. आपल्याला दहा मुलं आहेत आणि एकालाही कधी मुका घेतला नाही असं फुशारकीने सांगणाऱ्या सरदाराला मिळालेलं उत्तरही आपण जुम्याच्या बयानात ऐकतो : जो दया करत नाही त्याच्यावर दया होत नाही. परवानगीची हदीस आपण पाठ केली आणि सुन्नत विसरलो.

परवानगीवर मर्यादा घालण्याचं काम मुस्लिम विद्वानांनी फार आधी सुरू केलं होतं, आणि त्याचं एक केंद्र होतं आजच्या ट्युनिशियातलं कैरवान शहर. नवव्या शतकात तिथल्या इब्न सहनून यांनी मकतबच्या शिक्षकांसाठी नियम लिहिले. वडिलांच्या परवानगीशिवाय तीन फटक्यांच्या वर जायचं नाही, हा त्यांतला एक. कैरवानचेच अल काबिसी (मृत्यू १०१२) यांनी रागाच्या भरात मारण्याला मनाई केली. आणि १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दून यांनी १३७७ च्या 'मुकद्दमा'त त्याही पुढचं पाऊल टाकलं. मारून शिकवलेल्या मुलाचं काय होतं ते त्यांनी सांगितलं आहे : त्याचं मन आक्रसतं, उत्साह जातो, आळस येतो, आणि शिक्षा टाळण्यासाठी तो खोटं बोलायला, आत एक बाहेर एक वागायला शिकतो. हळूहळू हेच त्याचं वळण बनतं. मग ते म्हणतात, जुलमाखाली वाढलेल्या समाजांचंही असंच होतं.

आज मानसशास्त्र जे सांगतं ते याहून फार वेगळं नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती. चापटी मारण्याने मुलं जास्त ऐकतात असं त्यांना आढळलं नाही. उलट आक्रमकता, मानसिक त्रास आणि आईबापांशी बिघडलेलं नातं यांच्याशी तिचा संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण चापटीचा फायदा दाखवायची जबाबदारी मारणाऱ्यावर असायला हवी, आणि तो फायदा त्या ढिगाऱ्यात सापडत नाही.

ज्यांनी बंदी घातली त्यांचं काय झालं?

पहिला देश स्वीडन, १९७९. तिथल्या कायद्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ती बंदी फौजदारी कायद्यात घातली नव्हती. आईबाप आणि मुलं यांच्या कौटुंबिक कायद्यात एक वाक्य आलं, आणि ते मोडल्याबद्दल वेगळी शिक्षा ठेवली नाही. सरकारने घरोघरी पुस्तिका वाटल्या, दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळी न्याहारीला बसलेल्या आईबापाने आणि मुलाने ती एकत्र वाचावी. १९६० च्या दशकात तिथल्या बहुतेक लहान मुलांना घरात मार बसत असे. आज तो अपवाद आहे. आता असे साठहून अधिक देश आहेत. शेजारच्या नेपाळने २०१८ साली बंदी घातली.

आणि ट्युनिशिया? इब्न सहनून आणि इब्न खल्दून यांच्या त्या देशाने जुलै २०१० मध्ये दंड संहितेच्या कलम ३१९ मधलं 'मुलाला वळण लावण्यासाठी केलेली शिक्षा गुन्हा नाही' हे वाक्य काढून टाकलं. अरब देशांत पहिला मान त्यांचा. ते वाक्य काढणारं सरकार हुकूमशहाचं होतं आणि सहा महिन्यांत ते कोसळलं. पण नंतर आलेल्या लोकशाहीनेही ते वाक्य परत आणलं नाही. म्हणून तिथे मार थांबला का? नाही. युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या २०१८ च्या पाहणीत दहातल्या आठहून जास्त मुलांना घरात कुठल्या ना कुठल्या प्रकारची हिंसक शिस्त सोसावी लागत होती. वाक्य काढलं, दुधाच्या खोक्यांवर काही छापलं नाही. स्वीडन आणि ट्युनिशिया शेजारी ठेवून पाहिले की कायदा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे दोन्ही कळतं.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत गेले. केपटाउनमध्ये त्यांची वस्ती आजही आहे, कोकणातल्या गावांची नावं तिथल्या घरांत अजून घेतली जातात. १८ सप्टेंबर २०१९ रोजी त्या देशाच्या घटना न्यायालयाने आईबापांचा 'वाजवी शिक्षे'चा बचाव घटनाविरोधी ठरवला. हा तोच १८६० चा, कॉकबर्न यांचा बचाव. मूळ खटला जोहान्सबर्गच्या एका मुस्लिम घरातला होता : अश्लील चित्रं पाहिल्याच्या संशयावरून वडिलांनी १३ वर्षांच्या मुलाला मारलं, आणि आपल्या धर्मात हे निषिद्ध आहे हे कारण सांगितलं. शारीरिक शिक्षा हा आमच्या धर्माचा भाग आहे असा दावा घेऊन सर्वोच्च पातळीवर लढायला आली ती मात्र एक ख्रिस्ती संघटना. तेव्हा एकाच खानदानातला केपटाउनचा चुलतभाऊ आज मुलावर हात उगारू शकत नाही आणि रत्नागिरीतला उगारू शकतो. दोघांचा दीन एक, दोघांच्या दादीचं गाव एक. फरक आहे तो फक्त कायद्याच्या एका वाक्याचा.

पोलिस दारात आले तर?

आपल्या वस्तीत या विषयावर बोलताना लोकांच्या डोळ्यांत जी भीती दिसते ती खोटी नाही. २०१९ साली तीन तलाकचा कायदा आला आणि दिवाणी स्वरूपाच्या गोष्टीला तीन वर्षांच्या कैदेची शिक्षा जोडली गेली. घरगुती प्रश्नांत सरकारचा हात मुसलमानांच्या दारात आधी पोहोचतो, हा लोकांचा अनुभव आहे. परदेशातलंही उदाहरण आहे : डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने मुलाला मारल्याबद्दल एका भारतीय जोडप्याला तुरुंगात पाठवलं, वडिलांना १८ आणि आईला १५ महिने. मुलाला मारू नये म्हणून त्याचे आईबापच काढून घेतले, तर त्या मुलाचं भलं झालं का? गरीब घरात, एकट्या आईच्या घरात, ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या घरात असा कायदा आधी कोसळेल.

म्हणून माझं म्हणणं असं. नवा गुन्हा तयार करू नये, नवी कैद ठेवू नये. कलम २७ ला एक परंतुक जोडावं की मुलाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीत शारीरिक शिक्षा येत नाही. एवढंच. यावर लगेच विचारलं जाईल की मग साधी चापटीही गुन्हा होणार का. त्यासाठी संहितेत आधीच सोय आहे. कलम ३३ प्रमाणे, ज्या क्षुल्लक इजेबद्दल सामान्य समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही, तो गुन्हाच नाही. त्याहून वरची साधी दुखापत कलम ११५ खाली येते. ती अदखलपात्र आहे, म्हणजे पोलिस स्वतःहून वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. खरी क्रूरता असेल तर बाल न्याय कायदा आहेच. म्हणजे तुरुंगात कोण जाईल हे या दुरुस्तीने फारसं बदलत नाही. बदलतं ते कायद्याचं म्हणणं. 'वाजवी मार असतो' असं आज कायदा गप्प राहून सांगतो. उद्या तो 'नसतो' असं सांगेल.

हे सांगणं कशाला हवं, नुसतं प्रबोधन पुरे नाही का? सतीपासून हुंड्यापर्यंत आणि शाळेतल्या छडीपर्यंत आपला अनुभव असा आहे की कायदा ज्याला परवानगी देतो ते चूक आहे हे लोकांच्या गळी उतरवणं फार कठीण जातं. २०१० च्या आधीही शिक्षक प्रशिक्षणात बालमानसशास्त्र शिकवलं जात होतं, आणि वर्गातल्या टेबलावर छडीही होती. छडी टेबलावरून हलली ती कलम १७ नंतर. पण नुसतं वाक्य लिहून थांबलो तर आपला ट्युनिशिया होईल. म्हणून त्या वाक्याबरोबर अंगणवाडीतल्या मातासभा हव्यात, शाळेतल्या पालकसभा हव्यात, जुम्याच्या बयानात या विषयाला जागा हवी, आणि तरबियत म्हणजे मार नव्हे हे सांगणारी माणसं मोहल्ल्यातलीच हवीत. मुंबईत १९९६ साली सुरू झालेली १०९८ ही चाइल्डलाइन आज देशभर आहे. तो क्रमांक मुलांना पाठ असावा आणि तो फिरवला तर पोलिसांआधी समुपदेशक दारात यावा, अशी व्यवस्था सरकारकडे मागायला हवी.

आणि कायद्याची वाट न पाहता आपल्या हातात आहेत अशाही दोन गोष्टी आहेत. अल्पसंख्याक शाळांना आणि मकतबांना शिक्षण हक्क कायद्यातून मिळालेली सूट ही आपली ओळख जपण्यासाठी आहे. छडी जपण्यासाठी नाही. कलम १७ आपल्याला लागू नसलं तरी आपल्या संस्थांनी ते स्वतःहून ठराव करून स्वीकारावं. जमातीच्या आणि संस्थेच्या सभेत असा ठराव करायला कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. असं केलं तर उद्या सरकार सक्ती करायला येईल तेव्हा त्याला आपल्याकडे करण्यासारखं काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट त्या जुन्या वाक्याची. पालकसभेत पुन्हा कोणी 'हड्डी हमारी, चमडी आपकी' म्हणालं तर शिक्षकाने ते हसण्यावारी नेऊ नये. मूल ही अल्लाहची अमानत आहे असं आपण मानतो. अमानतीवर मालकी नसते, आणि जी वस्तू आपल्या मालकीची नाही तिची हाडं एकाने आणि चामडी दुसऱ्याने वाटून घेता येत नाही. ती जशी मिळाली तशीच, वळ न उठवता, परत करायची असते.